चाळीस मिनिटांचं कुलूप

मेलेल्या देवांवर काम करण्यात मोठं सुख आहे. ते उलट उत्तर देत नाहीत, त्यांचे भक्त सभा भरवत नाहीत, आणि तुम्ही चुकीचं लिहिलंत तर त्यांच्यातर्फे कोणी तुमच्या टेबलापाशी येऊन उभं राहत नाही. मी मात्र पीएच.डी. केली ती जिवंत देवांवर. ते जिवंत आहेत हे मला तेव्हा नीटसं ठाऊक नव्हतं, एवढीच काय ती अडचण.

मी डॉ. शोभना गद्रे. नवऱ्याच्या, म्हणजे विवेकच्या, बँकेतल्या नोकरीपायी पुण्याहून रियाधला आले त्याला बारा वर्षं झाली. इकाम्यावर, म्हणजे इथल्या रहिवासी परवान्यावर, माझी नोंद 'आश्रित' अशी आहे, आणि सरकारी कागदात इतकं अचूक वर्णन क्वचित सापडतं. या बारा वर्षांत माझ्या डॉक्टरकीची लोकांना दोनदा गरज पडली. दोन्ही वेळा शेजारणीच्या मुलाला ताप आला होता.

मग या देशात इतिहासाला बरे दिवस आले. जिकडेतिकडे उत्खननं निघाली, संग्रहालयं उभी राहू लागली, आणि इस्लामपूर्व काळातले जे देव दीड हजार वर्षं वाळूखाली निवांत पडले होते ते बाहेर काढून, पुसून, काचेत बसवायचं ठरलं. हुफूफमधल्या अशाच एका नव्या संग्रहालयाला माणूस हवा होता. जाहिरातीत लिहिलं होतं, 'बहुदेवतापूजक समाजांच्या प्राचीन व वर्तमान धर्मांचा अभ्यासक'. आधी सहा महिने हंगामी, पुढे काम पाहून कायम. जाहिरात वाचताना आपलंच स्थळ छापून आल्यासारखं वाटलं मला. अर्जासोबत मी माझं एकुलतं एक पुस्तक जोडलं, 'दक्षिण कोकणातील ग्रामदैवते: एक चिकित्सक अभ्यास'. त्याच्या एकसष्ट प्रती खपल्या. उरलेल्या पुण्यात सासूबाईंच्या पलंगाखाली असतात आणि पलंगाला चांगला आधार देतात.

नोकरी मिळाली. दर रविवारी पहाटे मी रियाधहून गाडीने हुफूफला जायचे, चार दिवस तिथे भाड्याच्या खोलीत काढायचे आणि गुरुवारी परत यायचे. विवेकने आणि आमच्या लेकाने, शार्दूलने, चार दिवस ऑम्लेट खायला मोठ्या मनाने संमती दिली होती.

संग्रहालयाचं काम बघणारी अरवा ही हुफूफचीच, खजुराच्या बागा असलेल्या घरातली मुलगी. बाहेर शिकून आलेली, तिशीची, कमी बोलणारी. जे बोलायची ते इंग्रजीत, आणि बहुधा प्रश्नच विचारायची. तिच्या डोक्यावर सल्लागारांचा एक ताफा बसवला होता. ते दर बुधवारी पडद्यावर रंगीत गोल दाखवत आणि 'देव' हा शब्द जरा बोचतो म्हणत. त्याऐवजी त्यांनी 'वारसा-घटक' सुचवला होता. मी मान डोलावली होती. हंगामी माणसाने मान डोलवावी असाच करार असतो.

मला सगळ्यात आवडायचा तो गोदामातला एक दगड. हातभर उंच, चपटा, नाक नाही, तोंड नाही, डोळ्यांच्या जागी नुसते दोन चौकोन. सल्लागार त्याच्याकडे पाहून 'मिनिमलिस्ट' म्हणाले. मी म्हटलं, बाबांनो, आमच्या कोकणात याला तांदळा म्हणतात. घडवलेली मूर्ती नाही, दगडच देव. शेंदूर लावा, चार फुलं वाहा, झालं देऊळ. त्यांनी तो शब्द टिपून घेतला आणि मला फार विद्वान समजू लागले.

त्या गोदामाच्या किल्ल्या मोहियुद्दीनभाईंकडे असत. वय पंचावन्नच्या आसपास, दाढी बारीक कातरलेली, कमरेला मनगटाएवढा जाड किल्ल्यांचा जुडगा. पहिली सतरा वर्षं रास तनुराच्या तेलबंदरावर एका कंत्राटदाराकडे स्टोअर सांभाळलं, मग इकडे हुफूफला आले. पाइपांचे सांधे असोत की दोन हजार वर्षांपूर्वीचे देव, त्यांची पद्धत एकच. वस्तू आली की नंबर, तारीख, सही. पहिल्याच दिवशी माझं नाव वहीत लिहून घेताना त्यांनी मान वर करून पाहिलं आणि मराठीत विचारलं, "पुण्याच्या काय तुम्ही?"

मला कोण आनंद झाला. ते रत्नागिरीकडचे. रोज अकरा वाजता मला न सांगता चहा यायचा, आलं घातलेला. महिनाभर आम्ही आंबे, बोंबील, दापोलीचा रस्ता, विमानाची तिकिटं यांवर बोललो. माझ्या विषयावर त्यांनी चकार शब्द काढला नाही. मला वाटलं, मुसलमान माणूस, देवादिकांत त्यांना काय रस असणार. धर्मांच्या अभ्यासकाला शोभेल असाच विचार होता तो.

रमजान आठवड्यावर आला होता तेव्हाची गोष्ट. सकाळी ते टेबलापाशी येऊन उभे राहिले. हातात माझं पुस्तक होतं. अरवाने ग्रंथालयासाठी मागवलेली प्रत वहीत चढवायला त्यांच्याकडे गेली होती.

"मॅडम, एक विचारू? रागावणार नाय ना?"

"विचारा की."

त्यांनी पान एकशे त्रेचाळीस उघडून समोर ठेवलं. डावीकडे प्लेट क्रमांक चौदा, एका बंद दाराचा फोटो. दाराला पितळी कुलूप, कुलपावर हिरव्या रंगाचा ओघळ. उजवीकडे माझं गद्य होतं: 'करंबेळे येथे श्रीदेवी नवलाईच्या शिमग्याच्या पालखीस मशालीचे पहिले तेल देण्याचा मान एका मुस्लिम घराण्याकडे होता. सदर घर आज बंद असून ही प्रथा सन १९९२ नंतर लुप्त झाली आहे.'

मोहियुद्दीनभाईंनी कमरेचा जुडगा सोडला. गोदामाच्या किल्ल्या बाजूला करत करत एक जुनी, मुठीशी हिरवा रंग लागलेली किल्ली वेगळी काढली आणि त्या फोटोवर ठेवली.

"दार रंगवताना सांडलेला रंग. मीच रंगवलं होतं, लग्नाच्या वर्षी," ते म्हणाले. "घर आमचं. बंद कवा होतं?"

मला सुचलं ते मूर्खासारखं. मी म्हटलं, "मी स्वतः गेले होते. दहा मिनिटं थांबलेही. कुलूप होतं."

"होतंच. फोटोत हाय की." त्यांनी फोटोच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. माझ्या त्या जुन्या कॅमेऱ्याला तारीख-वेळ छापायची खोड होती आणि ती काढायची कशी हे मला कधीच कळलं नव्हतं. केशरी आकडे अजून स्वच्छ दिसत होते, ८-५-२००९, १३:१२. "मी मोबाइलवर बघितलं. शुक्रवार होता, मॅडम."

सौदी अरेबियात बारा वर्षं काढलेल्या बाईला यापुढे काही सांगावं लागत नाही. दर शुक्रवारी दुपारी मी दुकानाच्या बंद शटरसमोर उभी राहते. भारतातून कोणी नवीन आलं की त्यांना मीच सांगते, थांबा, जुम्मा आहे, अर्ध्या तासात उघडेल. एक वाजून बारा मिनिटांनी, शुक्रवारी, मी एका मुसलमान घराच्या दारात उभी होते. कुलूप पाहून दहा मिनिटं थांबले होते. ऊन फार होतं, भाड्याची जीप दिवसाच्या बोलीवर होती आणि तीन वाजेपर्यंत मला आणखी दोन ग्रामदैवतं उरकायची होती. मग फोटो काढला. नाक्यावरच्या चहावाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, "ते सगळे गल्फला गेले, ब्याण्णव सालापासून." पोरं गेली होती. म्हातारा नव्हता गेला.

"आई तवा बहिणीकडं दापोलीला होती, बाळंतपणाला. बापूस एकटाच. मशीद दोनशे पावलांवर," मोहियुद्दीनभाई म्हणाले. "पावणेदोनला परत येऊन त्यानं भात टाकला असेल."

चाळीस मिनिटांचं कुलूप पाहून मी गावातली कित्येक पिढ्यांची चाल संपवली होती. वर त्याला 'चिकित्सक' म्हटलं होतं.

आता माझी अशी समजूत होती की एकसष्ट प्रतींचं पुस्तक कोणाचं काय बिघडवणार. तीही चुकीची निघाली. एक प्रत गावात पोचली होती. तीन वर्षांपूर्वी देवस्थानाची नवी समिती आली, मुंबईत नोकरी करणारी पोरं, शिमग्यापुरती गावात येणारी. त्यांना पालखीचा मार्ग 'सुटसुटीत' करायचा होता. म्हाताऱ्या मानकऱ्यांनी हरकत घेतली तेव्हा सचिवाने सभेत माझं पुस्तक उघडलं. मोहियुद्दीनभाईंनी मला मोबाइलवर तो ठराव दाखवला. 'डॉ. शोभना गद्रे यांच्या संशोधनानुसार सदर मान सन १९९२ नंतर अस्तित्वात नाही. त्यानंतर जे चालू राहिले ती परंपरा नसून केवळ सवय होय.' माझा इतका आदरपूर्वक उल्लेख त्याआधी कोणीही केला नव्हता.

"म्हणजे तुम्हाला माझं नाव—"

"तीन वर्षं पाठ हाय," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला.

तीन शिमगे पालखी खालच्या रस्त्याने गेली होती. त्यांचे वडील, जमालुद्दीन, वय चौऱ्याऐंशी, तिन्ही वेळा अंगणात तेलाची किटली घेऊन बसले होते. आत गेले नव्हते, ओरडले नव्हते, समितीकडे अर्ज केला नव्हता. दिवस मावळला की किटली उचलून आत ठेवत.

मी जरा सावध आवाजात विचारलं, "पण तुमच्या धर्मात हे... चालतं?"

"आम्ही पूजा नाय करत मॅडम. नमाज आमचा, रोजा आमचा. पूजा वेगळी, मान वेगळा. गाव आपल्याला पहिलं तेल मागतं, एवढंच." मग म्हणाले, "यंदा शिमगा रमजानात हाय. मागल्या वर्षी पण होता. रोजा धरून किटली घेऊन बसला होता म्हातारा. तेल द्यायला रोजा कुठं आड येतो?"

चारशे पानांच्या माझ्या पुस्तकात इतकं स्वच्छ एकही वाक्य नाही. मी ते लगेच वहीत टिपून घेतलं. हो, त्या क्षणीसुद्धा.

त्यांची मागणी अगदी साधी होती. एक कागद. पालखी त्यांच्या वाडीत येणार सतरा मार्चला. त्याच्या आत, पुस्तकात लिहिलं ते चुकीचं होतं असा एक कागद समितीला द्यायचा. "शिक्का मारून द्या," ते म्हणाले. गल्फमध्ये सत्तावीस वर्षं काढलेल्या माणसाचा शिक्क्यावर गाढ विश्वास असतो.

मी पहिला मसुदा केला तो असा: 'उपलब्ध पुराव्यांच्या मर्यादेत, प्रस्तुत प्रथेच्या सातत्याविषयी अधिक सखोल संशोधनास वाव आहे.' मोहियुद्दीनभाईंनी तो दोनदा वाचला.

"ह्याच्यात 'होय' कुठाय?"

"म्हणजे?"

"मान हाय का नाय? होय का नाय, ते कुठं लिवलंय?" त्यांनी कागद परत दिला. "सरळ लिवा ना. मी आले, दार बंद होतं, मी परत गेले. माझी चूक झाली. मान आजपण हाय."

सहा मार्चला मी अगदी तसंच लिहिलं. खाली सही केली, स्कॅन केलं. पाठवायला एक बोट पुरलं असतं.

ते बोट मी अकरा दिवस उचललं नाही, त्याचं कारण सोळा तारखेला मला कायम करण्यासाठी संग्रहालयाची समिती बसणार होती. माझी पात्रता म्हणजे ते पुस्तक. त्या पुस्तकात बंद दारं पाहून देव मारलेले आहेत असं मीच लेखी कबूल केलं, आणि तो कागद मोबाइलवरून फिरत फिरत हुफूफला आला, तर मी पुन्हा शेजारणीच्या मुलाच्या तापापुरती डॉक्टर. गुरुवारी रियाधला गेल्यावर विवेकला सांगितलं. त्याने बँकेतल्या माणसासारखा शांतपणे विचार केला.

"आधी सही होऊ दे," तो म्हणाला. "सतराची पालखी ना? सतराला सकाळी पाठव. वेळेत पोचतंय की. दोन्ही होईल."

इतकी सोयीची गोष्ट पटायला वेळ लागत नाही. मी देवापुढे दिवा लावायला उठले. आमचे देव रियाधच्या घरात क्रोकरीच्या कपाटात असतात, ताटल्यांच्या वरच्या खणात, आणि कपाटाचं दार लावलेलं असतं. दार लावलेलं असलं म्हणजे आत देव नाहीत असं होत नाही, एवढं मला माझ्या घरापुरतं व्यवस्थित कळत होतं.

रमजान सुरू झाला होता, कचेरीची वेळ तीनपर्यंत आली, चहा बंद झाला. मी पाण्याची बाटली पर्समध्ये लपवून आत जाऊन प्यायचे. मोहियुद्दीनभाई रोज दुपारी, जोहरची नमाज करून आले की दारातून विचारायचे, "मॅडम, शिक्का मिळाला?" कारण मी त्यांना सांगितलं होतं की पुण्याच्या संस्थेचा शिक्का यायचाय. असा कुठलाही शिक्का नव्हता. ती संस्था मी सोडली तेव्हाच मला विसरली होती.

"येईल उद्या-परवा," मी म्हणायचे.

"इन्शाअल्ला," ते म्हणायचे, आणि खरंच मनापासून म्हणायचे.

सोळा तारखेला संग्रहालयाची समिती बसली. पडद्यावर माझ्या पुस्तकाचं मुखपृष्ठ झळकत होतं. मोहियुद्दीनभाई हातमोजे घालून पेटीतला तो दोन चौकोनी डोळ्यांचा दगड घेऊन आले, टेबलावर ठेवला, आणि नियमाप्रमाणे वस्तू परत जाईपर्यंत भिंतीशी उभे राहिले. त्या दगडासाठी मी लिहिलेल्या फलकाचा मजकूर अरवाने मोठ्याने वाचला. 'या देवतेची उपासना पाचव्या शतकात संपुष्टात आली.'

"हे कशावरून?" तिने विचारलं.

"त्यानंतरचं काहीही सापडलेलं नाही," मी म्हटलं.

"सापडलं नाही, की कोणी शोधलं नाही?"

खोलीत सगळे माझ्याकडे बघत होते. भिंतीशी उभा असलेला माणूस बघत नव्हता. तो दगडाकडे बघत होता. मोहियुद्दीनभाईंना इंग्रजी उत्तम येतं हे मला माहीत होतं.

"पुराव्याचा अभाव इतका सलग असेल," मी म्हटलं, "तर प्रथा संपली असं मानणं ही आमच्या शास्त्रातली मान्य पद्धत आहे. माझ्या कोकणातल्या कामातही मी हीच पद्धत वापरली आहे."

एक सल्लागार म्हणाला, "व्हेरी रोबस्ट." अरवाने काहीतरी लिहून घेतलं, पण मान हलवली नाही. दीड वाजता मी कायम झाले. मोहियुद्दीनभाईंनी दगड पेटीत ठेवला, वर कापूस ठेवला, झाकण लावलं आणि पेटी घेऊन गेले. त्या दिवशी त्यांनी शिक्क्याचं विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी, सतराला, सकाळी आठ वाजता मी कागद पाठवला. देवस्थान समितीच्या सचिवाला आणि मोहियुद्दीनभाईंना. वर त्यांना लिहिलं, 'शिक्क्याशिवायच पाठवते, घाई आहे म्हणून.' आणि हे लिहून मला चक्क पुण्य केल्यासारखं वाटलं.

दुपारी दोनला मी गोदामात गेले. गावात तेव्हा साडेचार वाजले होते. मोहियुद्दीनभाई दोन पेट्यांच्या मधे खुर्ची टाकून बसले होते, मोबाइल समोर टेकवला होता. त्यांची बहीण सुरैया दापोलीहून आली होती, तिच्या हातात तिकडचा फोन. मला बघून त्यांनी दुसरी खुर्ची ओढली.

अंगण झाडून पाणी मारलेलं होतं. पितळी कुलूप उघडं, कडीला लटकत होतं. म्हातारा इस्त्रीचा पांढरा सदरा, लुंगी आणि टोपी घालून खुर्चीत बसला होता. मांडीवर किटली. तिला फडक्याने पुसून इतकं लखलखीत केलं होतं की सुरैयाच्या फोनचं प्रतिबिंब तिच्यात दिसत होतं. दोन्ही हातांनी धरली होती त्याने ती.

ढोल ऐकू आला. पालखी वळणावर आली. तिथे दोन वाटा फुटतात, एक वर या घराकडे, एक खाली नळाच्या रस्त्याला. पालखी थांबली. टी-शर्टातला एक तरुण, तोच सचिव, पुढे होऊन हाताने खाली, खाली असं दाखवत होता. पालखीच्या पुढच्या दांडीला एक म्हातारा भोई होता, पांडू नाव त्याचं, मोहियुद्दीनभाईंनी हळूच सांगितलं. तो वर घराकडे बघत उभा राहिला. मागचे थांबले. ढोलही थांबला. मला वाटलं, येणार. मी पर्समधल्या बाटलीचं टोपण घट्ट धरून ठेवलं होतं.

पांडूने दांडी खांद्यावरून न उतरवता एक हात कपाळाला लावला, घराच्या दिशेने. मग पालखी खाली वळली.

ढोल लांब लांब जात राहिला. सुरैया अंगण उतरून खाली पळाली, फोन हातात तसाच, पडद्यावर नुसता रस्ता आणि तिची चप्पल. तिचा आवाज ऐकू आला, "कागद पाठवला ना आज बाईंनी? वाचलास ना?"

सचिवाचा आवाज अगदी सभ्य होता. "वाचला ना ताई. पण मार्ग सभेत ठरतो. आठ दिवस आधी आला असता तर सभेपुढे ठेवला असता, आम्हाला काय हौस आहे? आणि कागदावर तारीख सहा मार्चची आहे. आज सकाळी आला. अकरा दिवस कुठे होता, ते तुम्हीच विचारा."

तारीख बदलायची मी विसरले होते. कॅमेऱ्याची खोड मला कळली नव्हती असं म्हणता येईल, पण ही तारीख मी स्वतः टाइप केली होती.

मोहियुद्दीनभाईंनी स्वतःच्या मोबाइलवर माझा कागद उघडला. दोन बोटांनी मोठा करून वरचा उजवा कोपरा पाहिला. वस्तू आली की ते आधी तारीखच बघतात.

"शिक्का यायचाच नव्हता," ते म्हणाले. विचारलं नाही, म्हणाले.

"नाही."

"काल सही झाली तुमची."

"हो."

"बरं," ते म्हणाले.

पडद्यावर सुरैया परत अंगणात पोचली होती. म्हाताऱ्याने तिला काय झालं ते विचारलं, तिने सांगितलं. त्याने किटली खाली ठेवली. लेकाशी बोलायला फोन हातात घेतला, चेहरा इतका जवळ आणला की नुसती पांढरी दाढी दिसत होती. म्हणाला, "मोहिद्या, त्या बाई लिहितात तेच खरं करू या आता. रोज रोज कोण बसणार?"

मी तोंड फिरवलं आणि रडले. याचा कोणालाही काही उपयोग नव्हता. मोहियुद्दीनभाईंनी उठून मला टिश्यूचा डबा आणून दिला आणि तीन वाजत आले म्हणून पेट्यांना टाळे लावायला गेले.

त्याच आठवड्यात मी प्रकाशकाला लिहिलं, पुस्तक मागे घ्या. त्यांनी कळवलं की मागे घेण्याइतकं ते पुढे गेलेलंच नाही. अरवालाही सगळं सांगितलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "हे मला रविवारी सांगितलं असतंस तरी मी तुला ठेवलं असतं. तुझ्या त्या चुकीवर संग्रहालयात एक अख्खं दालन उभं करता आलं असतं." मग म्हणाली, "आता फक्त दगडाचा फलक बदल." मी बदलला. आता तिथे लिहिलं आहे, 'ही उपासना कधी थांबली ते आम्हाला माहीत नाही.' सल्लागारांना हे वाक्य कमकुवत वाटलं. त्यांनी फॉण्ट वाढवून दिला.

पुढचा शुक्रवार. मी आणि विवेक रियाधला आमच्या गल्लीतल्या दुकानासमोर गाडीत बसलो होतो. शटर बंद, आतला दिवा चालू, दोन-चार लोक सावलीला उभे. फोन वाजला. मोहियुद्दीनभाईंनी एक फोटो पाठवला होता.

तेच दार, तोच कोन, अगदी मी उभी होते तिथूनच कोणाकडून तरी काढवून घेतलेला. हिरवा ओघळ असलेलं पितळी कुलूप, या वेळी लावलेलं. कोपऱ्यात त्यांनी तारीख-वेळ आणवली होती. वेळ १३:१२.

खाली लिहिलं होतं, 'बापूस दापोलीला सुरैयाकडं राहायला गेला, कायमचा. किल्ली पण तिच्याकडं दिली. मॅडम, नवीन आवृत्तीसाठी पाठवतोय. आता दहा मिनिटं थांबायची गरज नाय.'

"काय गं?" विवेक म्हणाला. "उघडेल आत्ता. जुम्मा आहे."

पाच मिनिटांनी समोरचं शटर उघडलं.